संगणकीय संघाशी खेळाडूंची अदलाबदल : बेसबॉलच्या सिम्युलेशन खेळातील मूल्यमापनाचा प्रश्न

प्रस्तावना :

अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत वस्तुविनिमयाचे प्रकरण पहिल्या काही पानांतच आटोपते. धान्य देऊन कापड घेणे, गरजांचा दुहेरी मेळ बसण्यातील अडचण, त्यातून पैशाचा उदय, एवढे सांगून आपण चलनाकडे वळतो. वस्तुविनिमय ही इतिहासजमा झालेली बाब आहे, असा विद्यार्थ्यांचा त्यामुळे समज होतो. व्यावसायिक क्रीडाक्षेत्रात मात्र तो आजही राजरोस चालतो. संघ खेळाडू देतात आणि खेळाडू घेतात. पैसा पुष्कळदा वरची भरपाई म्हणूनच येतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये चेन्नई सुपर किंग्जने रवींद्र जडेजा व सॅम करन हे दोघे राजस्थान रॉयल्सला देऊन संजू सॅमसनला घेतले, तेव्हा यात कोण फसले, याची चर्चा क्रिकेटशी फारसा संबंध नसलेल्या मंडळींतही झाली.

असाच व्यवहार संगणकावरील बेसबॉलच्या सिम्युलेशन खेळांत, म्हणजे प्रत्यक्ष खेळाच्या गणिती प्रतिरूपांत, केला जातो. तेथे एका बाजूस माणूस असतो व दुसऱ्या बाजूचा संघ संगणक चालवीत असतो. संगणक समोरच्या खेळाडूची किंमत कशी ठरवतो, माणूस त्याला सातत्याने का हरवतो, आणि हा दोष दूर करण्याचे उपाय कितपत यशस्वी होतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न केला आहे. विषय वरवर पाहता करमणुकीचा वाटेल. परंतु सूत्राने माणसाची किंमत ठरवणे आणि त्या सूत्राचा फायदा उठवणे या दोन्ही गोष्टी आज बँकांत, कार्यालयांत आणि विद्यापीठांतही घडत आहेत. त्यांची इतकी स्वच्छ प्रयोगशाळा अन्यत्र सापडणे कठीण आहे.

बेसबॉल आणि त्याचे गणिती प्रतिरूप :

आपल्याकडे विद्यापीठीय क्रीडास्पर्धांत सॉफ्टबॉल व बेसबॉलचे सामने होतात, तरी बहुसंख्य अध्यापकांचा परिचय क्रिकेटपुरताच असतो. प्रस्तुत विषयासाठी थोडी माहिती पुरेशी आहे. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये ३० संघ असून प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. चेंडू टाकणारा पिचर आणि फलंदाज यांच्यातील प्रत्येक झुंज ही बरीचशी स्वतंत्र घटना असते व तिचा निकाल ठरावीक प्रकारांत मोडतो : बाद, फुकटचा पहिला तळ, फटका किंवा होमरन. क्रिकेटमध्ये खेळपट्टी झिजते, चेंडू जुना होतो, धावगतीचा दबाव फलंदाजाचा पवित्रा बदलतो. बेसबॉलमध्ये असे गुंते तुलनेने कमी असल्याने त्याची आकडेवारी अधिक सुटसुटीत राहते आणि तिच्यावरून खेळाचे प्रतिरूप उभारणे सोपे जाते.

हा उद्योग संगणकापूर्वीचा आहे. हॅल रिचमन यांनी १९६१ मध्ये बाजारात आणलेला 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' हा खेळ पत्ते व फासे यांवर चालतो. प्रत्येक खेळाडूच्या पत्त्यावर त्याच्या प्रत्यक्ष कामगिरीवरून शक्यता बेतलेल्या असतात. आपल्या शाळांत मागच्या बाकावर पुस्तक उघडून पानाच्या शेवटच्या अंकावरून धावा मोजण्याचे जे 'बुक क्रिकेट' चालत असे, त्याचा हा थोरला भाऊ म्हणता येईल. फरक एवढाच की आपल्या पुस्तकाला सचिन आणि अकरावा फलंदाज सारखेच होते.

पुढे हा खेळ संगणकावर आला. १९८७ चा 'अर्ल वीव्हर बेसबॉल', १९९७ चा 'बेसबॉल मोगल' आणि १९९९ मध्ये जर्मनीच्या मार्कुस हाइनसोन यांनी आणलेला 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' हे त्यातील महत्त्वाचे टप्पे होत. शेवटच्या दोन खेळांत वापरकर्ता मुख्यत्वे संघाचा व्यवस्थापक असतो. संघबांधणी, पगार, करार, नवोदितांची निवड आणि इतर संघांशी अदलाबदल ही त्याची कामे. उरलेले २९ संघ संगणक चालवतो. ड्रीम इलेव्हनसारख्या फँटसी खेळांशी याची गल्लत करू नये. तेथे प्रत्यक्ष सामन्यांतील कामगिरीवर गुण मिळत आणि पैसा लावला जाई. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र शासनाने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळण्याच्या अशा ऑनलाइन खेळांवर बंदी आली. येथे पणाला काहीच नसते, आणि तरीही वापरकर्ते एकेका व्यवहारावर तासन्‌तास घालवतात.

संगणकीय संघ किंमत कशी ठरवतो? :

अशा खेळात प्रत्येक खेळाडूमागे आकड्यांची एक लांब ओळ असते. त्याची आजची क्षमता, पुढे गाठू शकेल अशी क्षमता, चालू वर्षाची व मागील वर्षांची कामगिरी, वय, खेळण्याची जागा, पगार आणि कराराची उरलेली वर्षे या सर्वांना भार देऊन संगणक शेवटी एक आकडा काढतो. अदलाबदलीचा प्रस्ताव आला की येणाऱ्या खेळाडूंच्या आकड्यांची बेरीज जाणाऱ्यांच्या बेरजेशी ताडून पाहिली जाते. येणारी बाजू ठरावीक प्रमाणात जड असेल तर होकार, नसेल तर नकार. प्रत्यक्ष आज्ञावलीत याहून बारकावे पुष्कळ असतात. सांगाडा मात्र बहुतांशी हाच.

'आउट ऑफ द पार्क' मध्ये हे भार वापरकर्त्याला बदलता येतात. क्षमतेच्या गुणांकनाला किती महत्त्व द्यावे, यंदाच्या आकडेवारीला किती आणि मागील दोन वर्षांच्या आकडेवारीला किती, हे तो ठरवू शकतो. संगणकीय संघांनी अनुभवी खेळाडूंकडे झुकावे की नवोदितांकडे, व्यवहार सुलभ असावेत की कठीण, याचेही पर्याय असतात. समोरच्या व्यापाऱ्याला अक्कल किती असावी हे गिऱ्हाइकाने घरूनच ठरवून बाजारात जावे, असा हा प्रकार आहे.

बेरजेचा दोष :

संगणकाची सर्वांत जुनी चूक बेरजेची. ती एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. समजा, आपल्या संघात ५५ गुणांचे दोन खेळाडू आहेत. समोरच्या संघात ८० गुणांचा एक श्रेष्ठ खेळाडू आहे व त्याच्या शेजारच्या जागी ४५ गुणांचा एक सामान्य खेळाडू खेळतो. ४५ गुणांचे खेळाडू केव्हाही, जवळजवळ फुकट मिळतात. बेसबॉलच्या आकडेशास्त्रात याला बदली खेळाडूची पातळी म्हणतात, आणि खेळाडूचे खरे मोल या पातळीच्या वर तो किती आहे यावर मोजतात.

आपण दोन ५५ देऊन तो ८० मागतो. संगणक बेरीज करतो : ११० मिळणार, ८० जाणार. तो आनंदाने होकार देतो. आता दोन जागांचा हिशेब पाहावा. व्यवहारापूर्वी आपल्याकडे ५५ अधिक ५५ म्हणजे ११० होते. व्यवहारानंतर ८० गुणांचा खेळाडू आला व रिकाम्या जागेवर ४५ चा फुकट खेळाडू घेतला, एकूण १२५. समोरच्या संघाकडे १२५ होते, ते ११० झाले. कागदावर ३० गुणांचा नफा कमावलेला संघ मैदानावर १५ गुणांनी दुबळा झाला. कारण मैदानावरील जागा मोजक्या असतात, आणि जागेलाही किंमत असते हे बेरजेच्या सूत्राला ठाऊक नसते. बदली पातळीच्या वरचे गुण मोजले तर चित्र लगेच उलटते : ८० चा खेळाडू ३५ गुणांचा, आणि ५५ चे दोघे मिळून २० गुणांचे.

दुसरी चूक काळाची. येथे संगणकाआधी माणसांचे एक प्रसिद्ध उदाहरण पाहणे उपयुक्त ठरेल. ऑगस्ट १९८७ मध्ये डेट्रॉइट संघाने अटलांटाकडून डॉइल अलेक्झांडर हा ३६ वर्षांचा पिचर घेतला आणि बदल्यात जॉन स्मोल्ट्झ हा वीस वर्षांचा नवोदित दिला. अलेक्झांडरने उरलेल्या हंगामात ९ सामने जिंकले, एकही हरला नाही, आणि डेट्रॉइटने आपला विभाग जिंकला. स्मोल्ट्झ पुढे अटलांटाचा आधारस्तंभ झाला व २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. आज हा व्यवहार डेट्रॉइटची घोडचूक म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखकाला ते अन्यायाचे वाटते. डेट्रॉइटला त्या शरद ऋतूत जिंकायचे होते, अटलांटाला घाई नव्हती, आणि दोघांनाही हवे ते मिळाले. एकाच खेळाडूची किंमत दोन संघांसाठी वेगळी असते, म्हणून तर अदलाबदल होते. ज्या संगणकीय संघाला आपण डेट्रॉइटच्या अवस्थेत आहोत की अटलांटाच्या, हे उमगत नाही, तो दोन्ही अवस्थांत एकच दर लावतो. नंतरच्या आवृत्त्यांत संघाची अवस्था लक्षात घेण्याची सोय होत गेली, हे नमूद केले पाहिजे.

न विचारला गेलेला प्रश्न :

वरील दोन्ही दोष सूत्र सुधारून कमी करता येतात. तिसरा दोष अधिक खोल आहे, आणि खरे तर या लेखाचे कारण तोच आहे.

आपल्याकडच्या गुरांच्या बाजारात व्यवहार पाहिलेल्यांना आठवत असेल की दोन व्यापारी उपरण्याखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत. आजूबाजूच्यांना आकडा कळू नये ही त्यातील योजना. पण त्याहीआधी घेणाऱ्याच्या मनात एक प्रश्न असतो : बैल इतका चांगला आहे, तर हा विकतो का आहे? मग तो दात पाहतो, चालवून पाहतो, गावात चौकशी करतो. विकणाऱ्याची विकण्याची इच्छा हीच घेणाऱ्याला मिळालेली पहिली माहिती असते. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराच्या निमित्ताने नेमके हेच सिद्धांतरूपाने मांडले. विकणाऱ्याला मालाची माहिती अधिक असते हे घेणारा जाणतो, म्हणून तो भाव पाडतो. भाव पडला की चांगला माल बाजारातून निघून जातो.

संगणकीय संघ हा प्रश्न विचारत नाही. आपण ज्या खेळाडूला काढू पाहतो त्याची यंदाची आकडेवारी दैवयोगाने फुगलेली आहे, हे आपल्याला ठाऊक असते. संगणक ती आकडेवारी पाहून भार लावतो व किंमत ठरवतो. हा खेळाडू आताच, या आठवड्यातच का देऊ केला जात आहे, याचा त्याच्या हिशेबात रकानाच नसतो.

याला जोडूनच स्मृतीचा मुद्दा येतो. समजा, एखाद्या खेळाडूसाठी समोरचा संघ कमीत कमी किती घेईल हे १ ते १०० मधील एका आकड्यात दडले आहे. आपण ५० देऊ करतो. नकार आला तर ७५, होकाराची चिन्हे दिसली तर तेथे न थांबता २५. प्रत्येक प्रश्नात शक्यता निम्म्या होतात. दोनचा सातवा घात १२८, म्हणजे फार तर सात प्रश्नांत तो आकडा हाती येतो. संगणकशास्त्राच्या प्रथम वर्षाचा विद्यार्थी ही रीत जाणतो. हीच रीत मंडईत भाजीवाल्या मावशींवर वापरून पाहावी. तिसऱ्या प्रश्नाला त्या पाटीवर फडके टाकतील, आणि दुसऱ्या दिवशी ओळखही देणार नाहीत. संगणक सात वेळा नाही, सत्तर वेळाही तितक्याच शांतपणे उत्तर देतो. काही खेळांत तर या कष्टांचीही गरज नसते. व्यवहार जुळण्यासाठी काय हवे, असे विचारणारे बटण दाबले की समोरचा संघ स्वतःच आपली किंमत सांगतो. उपरणे नाहीच; हात उघडा आहे.

या अर्थाने संगणकीय संघाशी होणारा व्यवहार हा रूप विनिमयाचे घेतो, पण वस्तुतः ती एका सूत्राची तपासणी असते. वापरकर्ता प्रतिपक्षाशी सौदा करीत नाही. तो सूत्र कोठे चुकते ते शोधतो आणि तेथेच पुन्हा पुन्हा जातो.

काठिण्य हा एक कर :

यावर खेळांच्या निर्मात्यांनी योजलेला सर्वांत सोपा उपाय म्हणजे व्यवहार कठीण करणे. सुलभ पातळीवर संगणक जवळपास बरोबरीचा व्यवहार मान्य करतो. कठीण पातळीवर आपल्याला मिळणारे मूल्य स्पष्टपणे अधिक असावे, असा आग्रह धरतो. वरकरणी हे योग्य वाटते. परिणाम मात्र उलटा होतो.

पुन्हा काल्पनिक आकडे घेऊ. समजा, कठीण पातळीवर संगणक २० टक्के अधिक मागतो. आपल्याकडे पिचर जास्त आहेत, समोरच्याकडे फलंदाज जास्त. ५० गुणांचा पिचर देऊन ५० गुणांचा फलंदाज घेतला तर दोघांचेही भले आहे. हा प्रामाणिक, परस्परहिताचा व्यवहार झाला. पण संगणकाच्या वहीत तो ५० ला ५० दिसतो, आणि ६० मागणारा संगणक तो नाकारतो. आता मघाचा दोन ५५ देऊन ८० घेण्याचा व्यवहार पाहा. ८० वर २० टक्के म्हणजे ९६. आपण देतो ११०. हा व्यवहार बिनदिक्कत मंजूर होतो. कराने चांगला व्यवहार अडला आणि लुबाडणुकीचा सुटला. कारण ज्या ठिकाणी सूत्र सर्वाधिक चुकते, त्याच ठिकाणी वहीतले आकडे सर्वाधिक उदार दिसतात. करभार वाढवला की बाजारात उरतात ते फक्त सूत्राच्या चुकांवर जगणारे व्यवहार. सार्वजनिक वित्ताच्या अध्यापकांना याचे नवल वाटणार नाही.

जाणत्या वापरकर्त्यांनी म्हणून स्वतःवरच नियम घालून घेतलेले दिसतात : हंगामात ठरावीक संख्येहून अधिक व्यवहार करायचे नाहीत; एकास अनेक असा व्यवहार करायचा नाही; समोरचा संघ आपल्याच हाती असता तर हा सौदा मान्य केला असता का, असे स्वतःला विचारायचे. जिंकण्याची पूर्ण मुभा असताना माणसे ती आपणहून सोडतात, कारण न विचार करणाऱ्या प्रतिपक्षावरचा विजय लवकरच बेचव होतो. काही जण त्याहून पुढे जाऊन ऑनलाइन लीगमध्ये खेळतात, जेथे संघ माणसांच्याच हाती असतात व संशयास्पद व्यवहार रोखण्याचा अधिकार लीगच्या प्रमुखाकडे असतो.

आयपीएलमधील अदलाबदल आणि पुण्याचा अनुभव :

प्रत्यक्षातही संघांना असे नियम लागतात. इंडियन प्रीमियर लीगचा पहिला लिलाव फेब्रुवारी २००८ मध्ये मुंबईत झाला, आणि दुसऱ्याच हंगामापूर्वी, २००९ मध्ये, अदलाबदली सुरू झाल्या. श्रीरामपूरचा जहीर खान बंगळूरुहून मुंबई इंडियन्सकडे आला व रॉबिन उथप्पा बंगळूरुला गेला. मुंबईने आशिष नेहरा दिल्लीला देऊन शिखर धवनला घेतले. लिलावात किंमत उघड बोलीने ठरते, अदलाबदलीत बंद दाराआड. त्यामुळे व्यवहारांसाठी ठरावीक कालावधी, क्रिकेट नियामक मंडळाची मान्यता, खेळाडूची संमती आणि खर्चाची मर्यादा अशी बंधने घालण्यात आली.

पुण्याच्या संघाचे एक उदाहरण आपल्या विषयाला विशेष लागू पडते. पुणे वॉरियर्स इंडिया हा संघ २०११ ते २०१३ असे तीन हंगाम खेळला. २०१३ च्या हंगामापूर्वी पुण्याने हाच आशिष नेहरा दिल्ली डेअरडेव्हिल्सला दिला आणि न्यूझीलंडचा फलंदाज रॉस टेलर घेतला. एकास एक, सरळ हिशेब. संगणकीय सूत्राने टेलरची बाजू जड दाखवली असती, असे मानण्यास जागा आहे. तो तेव्हा आपल्या देशाचा आघाडीचा फलंदाज होता, आणि नेहरा तिशी ओलांडलेला, दुखापतींनी ग्रासलेला गोलंदाज. पण आयपीएलमध्ये अंतिम अकरांत चारच परदेशी खेळाडू घेता येतात. टेलर आला तो चारांपैकी एक जागा अडवूनच. नेहरा भारतीय, आणि चांगले भारतीय वेगवान गोलंदाज मोजकेच. दिल्लीने गुणांच्या बरोबरीने एक जागाही मोकळी करून घेतली. बेरजेच्या दोषात जी गोष्ट ४५ गुणांच्या फुकट खेळाडूच्या रूपाने आली, तीच येथे परदेशी खेळाडूंच्या मर्यादेच्या रूपाने आलेली आहे.

या व्यवहाराने कोणाचेच फारसे भले झाले नाही. २०१२ च्या साखळीत अव्वल राहिलेली दिल्ली २०१३ मध्ये नऊ संघांत शेवटची आली आणि पुणे आठवे. त्याचे खापर एका अदलाबदलीवर फोडणे अर्थातच अशास्त्रीय होईल. पुण्याचा तो संघ त्याच वर्षी लीगमधून बाहेर पडला.

दुसरे उदाहरण अजिंक्य रहाणेचे. नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानने आपल्या या अनुभवी फलंदाजाला दिल्लीकडे पाठवले व बदल्यात मयंक मार्कंडे आणि राहुल तेवतिया हे दोन खेळाडू घेतले. नावलौकिकाचा हिशेब केला तर दिल्लीने बाजी मारली होती. २०२० च्या हंगामात रहाणेला दिल्लीच्या अकरांत नियमित जागा मिळाली नाही. इकडे २७ सप्टेंबर २०२० रोजी शारजात पंजाबविरुद्ध तेवतियाने शेल्डन कॉट्रेलच्या एका षटकात पाच षटकार मारले आणि राजस्थानने २२४ धावांचे लक्ष्य गाठले. दोनास एक देणारा नेहमी जिंकतो, असा नियम बेरजेच्या दोषावरून कोणी काढला असेल तर त्याला हा अपवाद दाखवावा. एक घेणाऱ्याकडे त्या एकासाठी जागा रिकामी असावी लागते.

खेळाडूची संमती :

सिम्युलेशनमध्ये सहसा न आढळणारा एक पक्ष प्रत्यक्षात असतो : ज्याची अदलाबदल होते तो. बेसबॉलमध्ये दीर्घकाळ त्याला विचारले जात नसे. ऑक्टोबर १९६९ मध्ये सेंट लुईस संघाने कर्ट फ्लड या खेळाडूला फिलाडेल्फियाकडे पाठवण्याचा व्यवहार केला. फ्लडने जाण्यास नकार दिला, आपण विकत घेण्याची वा देण्याची वस्तू नाही ही भूमिका घेतली आणि न्यायालयात गेला. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात तो हरला. परंतु पुढे ज्यांची दहा वर्षे लीगमध्ये व त्यांपैकी शेवटची पाच एकाच संघात झाली आहेत, अशा खेळाडूंना अदलाबदल नाकारण्याचा हक्क मिळाला.

जडेजाची कारकीर्द या दृष्टीने बोलकी आहे. राजस्थानकडून सुरुवात केलेल्या या खेळाडूला करारासंबंधीचे नियम मोडून दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केल्याबद्दल २०१० चा हंगाम गमवावा लागला होता. २०२५ मध्ये तो अदलाबदलीने त्याच राजस्थानकडे परतला, तेव्हा त्याचे मानधन १८ कोटींवरून १४ कोटी रुपये झाले. खेळाडू कमी पैशांत कोठे जायला तयार होतो, याला घर, कर्णधारपदाची आशा, जुने संबंध अशी अनेक कारणे असू शकतात. २०२३ मध्ये हार्दिक पांड्या १५ कोटी रुपयांना गुजरातहून मुंबईकडे आला, त्या बदल्यात कोणी खेळाडू गेला नाही. आणि त्याच सुमारास मुंबईने कॅमेरून ग्रीनला साडेसतरा कोटींना बंगळूरुकडे देऊन रक्कम मोकळी केली. यातील कोणती बाब आकड्यांत बसते व कोणती नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.

गुणांकनाचे आपले क्षेत्र :

सूत्र जाहीर झाले की लोक सूत्राला हवे ते पुरवू लागतात, याचा अनुभव अध्यापकांना वेगळा सांगण्याची गरज नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी शैक्षणिक कामगिरी निर्देशांक आणला. शोधनिबंध, चर्चासत्रे, पुस्तके यांना गुण मिळू लागले आणि गुण देणारी नियतकालिके व चर्चासत्रे अमाप झाली. येथेही तोच बेरजेचा दोष होता : पाच सामान्य निबंधांची बेरीज एका श्रमसाध्य निबंधाहून जड भरत असे. मग नियतकालिकांना चाळणी लावण्यासाठी २०१९ मध्ये यूजीसी-केअर यादी आली. तिचे काम आपल्याच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालत असे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ही यादी बंद झाल्याचे आयोगाने जाहीर केले. प्रस्तुत लेखकाच्या मते यादी हा काठिण्य पातळीसारखाच उपाय होता. प्रवेशाचा उंबरठा उंचावला. उंबरठ्याच्या आत काय मोजायचे, हे तसेच राहिले. काही प्रामाणिक प्रादेशिक नियतकालिके मात्र बाहेर राहिली.

वर्गातील उपयोग :

हा विषय वाणिज्य, अर्थशास्त्र वा संख्याशास्त्राच्या वर्गात सॉफ्टवेअरशिवायही शिकवता येतो. विद्यार्थ्यांचे चार गट करावेत. प्रत्येक गटास खेळाडूंची नावे, वय व गुण लिहिलेल्या दहा चिठ्ठ्या द्याव्यात आणि अंतिम संघात सहाच खेळाडू घेता येतील असे बंधन घालावे. तीन गटांनी मनाप्रमाणे व्यवहार करावेत. चौथ्या गटाने शिक्षकाने दिलेल्या बेरजेच्या सूत्राप्रमाणेच होकार वा नकार द्यावा, आणि ते सूत्र इतरांना सांगू नये. वीस मिनिटांत उरलेल्या गटांना ते सूत्र कळते, असे सहसा दिसून येईल, आणि चौथ्या गटाच्या हाती चिठ्ठ्या पुष्कळ पण चांगले सहा खेळाडू नाहीत अशी स्थिती होईल. दुसऱ्या फेरीत चौथ्या गटास एकच मुभा द्यावी : प्रत्येक प्रस्तावाला उत्तर देण्यापूर्वी समोरच्या गटास 'हा खेळाडू तुम्ही का देत आहात?' एवढे विचारण्याची. दोन्ही फेऱ्यांतील सहा खेळाडूंच्या गुणांची बेरीज फळ्यावर शेजारी शेजारी लिहावी. पन्नास मिनिटांच्या एका तासिकेत हे बसते. चिठ्ठ्या मात्र आदल्या दिवशीच करून ठेवाव्या लागतात.